ग्वादालूपे: बाई, बुवा, बेट आणि तह

कुणीतरी 'ग्वादालूपे हे स्पॅनिश नाव फक्त बायकांचं' असं ठोकून दिलंय, म्हणून ही भर. अहो, मेक्सिकोचा पहिला अध्यक्षच ग्वादालूपे व्हिक्टोरिया! तेही पाळण्यातलं नाव नव्हे. स्वातंत्र्ययुद्धात पठ्ठ्याने मेरीमातेच्या 'ग्वादालूपे' या नावाला 'व्हिक्टोरिया' म्हणजे 'विजय' जोडून ते स्वतःच घेतलं. पुरुष असो की बाई, घरात हाक 'लूपे'. लाडाची 'लुपिता' मात्र बायकांचीच.

या नावाचं मूळ गाव स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतात; तिथल्या मठात मेरीची काळी मूर्ती. कोलंबसाने १४९३ मध्ये तेच नाव कॅरिबियन बेटाला दिलं, ते आज फ्रेंचांकडे. मेक्सिकोची मेरी निराळी, तिचा सण १२ डिसेंबरला. आणि दैवदुर्विलास बघा, १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेला देणारा तह झाला तो तिच्याच देवळाच्या गावात, ग्वादालूपे हिदाल्गोला.