ट्रकच्या मागून गाडी चालवणे आणि इंडिकेटरचे संकेत : मदत हवी आहे

मुलुंडहून नाशिकला मोटारीने माझे नेहमी जाणे होते. मोठ्या कंटेनरच्या मागे राहिल्यास वाऱ्याचा विरोध कमी होऊन इंधन वाचते, असे माझे मेहुणे आग्रहाने सांगतात. तत्त्व मला मान्य आहे. परंतु ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते, म्हणजे दोन सेकंदांचे अंतर राखायचे तर मध्ये किमान ४४ मीटर मोकळे हवेत, आणि तेवढ्या अंतरावरून जाणवण्याजोगी बचत होते का, हे कोणी मोजून पाहिले आहे का? (ट्रकच्या अगदी जवळ गेल्यास चालकाच्या आरशात आपण दिसतच नाही, त्यामुळे तो प्रयोग मला करायचा नाही.)

दुसरी शंका मला अधिक महत्त्वाची वाटते. महामार्ग सोडून दुपदरी रस्त्याला लागल्यावर काही ट्रकचालक उजवा इंडिकेटर दाखवून ‘पुढे जा’ असे सुचवतात, तर काही जण स्वतः उजवीकडे वळण्यासाठीच तो दाखवतात. रात्री त्यांचा हात दिसत नाही, तेव्हा अनुभवी चालक यातला फरक कसा ओळखतात? शिवाय वाट दिल्याबद्दल आभार मानण्यासाठी हलका हॉर्न द्यावा की नुसता दिवा दाखवावा? अवजड वाहने चालवणाऱ्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.