शेतीतल्या प्रयोगांसाठी जेवणाचा मेळावा: पद्धत काय ठेवावी?

बांधकरी: तालुक्यातल्या चार गटांचे चार प्रयोग तयार आहेत: टेन्शिओमीटर (मातीतली ओल दाखवणारं यंत्र) पाहून ठिबक, सौर वाळवणी यंत्र, सायकल कोळपं, टोकण यंत्र. प्रत्येकी 15-20 हजार हवेत. मेळाव्यातून पैसा आणि माणसं दोन्ही जुळतील का?

पाणलोट: जुळतील. अमेरिकेत डेट्रॉइटला 2010 साली ‘सूप’ नावाचा असाच जेवणाचा मेळावा सुरू झाला, तोच साचा घ्या. तिथे 5 डॉलर देऊन जेवण, चार प्रकल्प, प्रत्येकाला 4 मिनिटं आणि श्रोत्यांचे 4 प्रश्न, मग मतदान. जमलेली रक्कम विजेत्याला. तुमच्याकडे 100 रुपयांप्रमाणे 200 माणसं आली तर 20 हजार. पण जेवण त्यातूनच केलंत तर माणशी 60 धरून 12 हजार तिथेच संपतात. शिधा घरोघरून गोळा करा, पिठलं-भाकरी पुरे. बाजाराचा दिवस आणि काढणीचे आठवडे टाळा.

काळी माती: मतदानात हमखास घोळ होतो. सादर करणाऱ्याचं गाव ट्रॉली भरून येतं आणि निकाल आधीच ठरतो. म्हणून प्रत्येकाला दोन मतं द्या, दुसरं मत परगावच्या प्रयोगालाच. रक्कम एकदम देऊ नका: निम्मी सुट्या भागांच्या बिलावर, उरलेली यंत्र शेतात चालल्यावर.

टेन्शिओमीटर बोलून कळत नाही, शेतात दाखवा. चिनी मातीचा कप रात्रभर पाण्यात भिजवा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका. माती जितकी कोरडी तितका काट्याचा आकडा (सेंटिबारमध्ये) मोठा, पण साधारण 80 सेंटिबारच्या पुढे आत हवा शिरते. भारी जमिनीला भेगा पडल्या की कपाचा मातीशी संपर्कही सुटतो. मग काटा शून्याकडे उतरतो, शेतकऱ्याला वाटतं ओल भरपूर आहे, आणि पीक सुकतं. प्रश्न विचारणाऱ्यांनी नेमकं हेच विचारायला हवं.

बांधकरी: पैसे देणाऱ्यांना पुढे नफ्यात वाटा द्यावा का?

जमाखर्च: अजिबात नको. परतावा कबूल केलात की ती ठेव ठरू शकते आणि अनियंत्रित ठेव योजनांवरचा 2019 चा बंदी कायदा आड येतो. पावतीवर ‘देणगी, परतफेड नाही’ छापा. गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधीच विचारून घ्या. क्यूआर कोड गटाच्या खात्याचाच लावा, अध्यक्षांच्या मोबाइलचा नको. खात्यावर दोघांच्या सह्या हव्यात. जमा रक्कम त्याच रात्री फळ्यावर लिहा.

हरलेल्या तिघांसाठी दाराशी वही ठेवा: कोण वेल्डिंग करून देईल, कोणाकडे जुनी मोटर पडून आहे, कोण चाचणीला 10 गुंठे देईल.