आखूड केस, लांब वेणी: चिमुकल्या नर्तकांच्या केशभूषेचे अनुभव

धागाकर्ती, ठाणे

लेक सहा वर्षांची आहे. भरतनाट्यमच्या क्लासचा कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलाय आणि काल बाईंनी यादी पाठवली: कमरेपर्यंत वेणी, टोकाला कुंजलम (वेणीचे गोंडे), सूर्य-चंद्र (भांगाच्या दोन बाजूंचे दागिने), राकोडी (डोक्यामागची गोल चकती), बिंदी, दोन रंगांचा गजरा. यादी वाचून मी लेकीच्या डोक्याकडे बघितलं. उवांनी वैताग आणला म्हणून जूनमध्ये मीच तिचा मशरूम कट करून आणला होता. मागचे केस मानेपर्यंतसुद्धा पोचत नाहीत. सगळे गोळा करून मुठीत धरले तर दोन पेरांएवढी शेंडी होते, ती पण कारंज्यासारखी ताठ उभी.

बाई म्हणाल्या, "गंगावण लावा ना, खोट्या केसांची वेणी, सगळेच लावतात." लावत असतील, पण कशाला? काल रात्री दादरहून आणलेलं गंगावण त्या शेंडीला बांधून बघितलं. "दुखतंय का?" विचारलं. तिनं "नाही" म्हणून मान हलवली आणि गंगावण थेट सोफ्याखाली.

तर मंडळी, ज्यांनी हा उद्योग केलाय त्यांनी अनुभव सांगा. नाच कुठलाही चालेल. आणि फक्त जमलेले किस्से नकोत, फसलेलेही येऊ द्या. आधी तेच वाचायचेत मला.

कड्यावरचा बाबा, पुणे

फसलेला किस्सा आहे आणि जमलेलाही, आणि दोन्ही एकाच दिवशी घडले. बायको दौऱ्यावर, लेक पाच वर्षांची, बॉबकट. मी तुळशीबागेतून गंगावण आणलं, रबरानं बांधलं, रंगीत तालमीत पहिल्याच उडीला पडलं. मागच्या रांगेतल्या मुलीनं त्यावर पाय दिला आणि ती पण पडली. तिच्या आजीनं माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारू नका.

घरी येऊन विचार केला. वीस वर्षं सह्याद्रीत दोर बांधतोय, आणि एक वेणी बांधता येऊ नये? जाड दोरावर बारीक दोरी पकडून ठेवायला आम्ही प्रुसिक गाठ मारतो. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती दोन-तीनदा स्वतःतूनच फिरवून घ्यायचा. भार आला की गाठ आवळते, भार काढला की हातानं सरकते. गंगावणाच्या वरच्या दोरीनं लेकीच्या शेंडीवर तीच मारली. शेंडी अगदीच बोटभर, म्हणून गाठीच्या वर आणि खाली एकेक छोटं रबर. कार्यक्रमात वेणी तसूभर हलली नाही. नंतर लेकीनं वर्गात सांगितलं, "माझ्या बाबांनी मला कड्यावर बांधतात तसं बांधलं." शाळेतून फोन आला होता.

घुंगरूवाली, नाशिक

मी शिकवते, दरवर्षी अशी दहा-बारा डोकी माझ्या हाताखालून जातात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली चूक सगळ्या आया करतात, ती म्हणजे त्याच सकाळी केस धुणं. नुकते धुतलेले केस निसरडे असतात, त्यावर काही ठरत नाही. आदल्या दिवशी धुवा. तेल अजिबात नको. फोटोत चमकावं म्हणून काही जणी चोपडून आणतात, मग माझे केसांचे आकडे टपाटप गळतात. पाण्याचा हात आणि थोडं जेल पुरे.

दुसरी चूक म्हणजे सगळे केस एकाच रबरात कोंबायचा हट्ट. आखूड केस खालून निसटणारच. कानापासून कानापर्यंत आडवा भांग पाडा. वरच्या अर्ध्याची माथ्याच्या जरा मागे शेंडी. खालच्या अर्ध्याच्या डोक्याला चिकटून तीन-चार बारीक वेण्या घाला. दिसायला भयंकर दिसतात, पण त्या दाखवायच्या नाहीतच. त्या पाया आहेत. पिना केसांत नाही, त्या वेण्यांमध्ये अडकवायच्या. आकड्याची नागमोडी बाजू डोक्याकडे, सपाट बाजू वर, आणि एकावर एक फुलीसारखे दोन.

मग गंगावण. शेंडी त्याच्या फासातून ओढून घ्या, उलटी दुमडा, वरून दुसरं रबर. केस स्वतःच कुलूप होतात. त्यावर काळी जाळी, जाळीवर राकोडी, राकोडीभोवती गजरा. सूर्य तिच्या उजवीकडे, चंद्र डावीकडे. आरशात बघून लावणाऱ्या हमखास उलटं करतात.

गंगावण दीड फुटाचं, पातळ पेडांचं घ्या. मोठ्या बाईचं आणलंत तर वेणी पोरीच्या गुडघ्याशी येते आणि वजनानं मान मागे ओढली जाते. वेणी कंबरपट्ट्याखालून घ्यायची असते, पण त्याआधी हनुवटी छातीला टेकवायला लावा आणि तेवढी ढील सोडा. नाहीतर पहिल्या नमस्कारालाच वेणी ताणते आणि मूल कळवळतं. हे मी एका विद्यार्थिनीच्या चेहऱ्यावर बघून शिकले. अजून वाईट वाटतं.

शेवटी परीक्षा. आमच्याकडे नऊ शिरोभेद, म्हणजे डोक्याच्या नऊ ठरलेल्या हालचाली, शिकवतात, सम, उद्वाहित, अधोमुख, आलोलित पासून परिवाहित पर्यंत. केस बांधून झाले की मी प्रत्येकीला नऊच्या नऊ करायला लावते. धागाकर्तीच्या लेकीनं "नाही" म्हणून मान हलवली ना, तो धुत. तुमचं गंगावण पाचव्यात नापास झालं.

आणि हो, पिना मोजून लावा, मोजून काढा. सांगून ठेवते.

काळी लोकर, सोलापूर

आमच्या वेळी गंगावण वगैरे गावात कुठलं मिळायला. मी दुसरीत, गॅदरिंगला कोळीनाच. आमच्या गावाला समुद्र नाही, नदीलाही पाणी नाही, पण दरवर्षी कोळीनाच असायचाच. आणि माझा बॉयकट. आईनं काळ्या लोकरीची तिपेडी वेणी घातली, तिचा आंबाडा वळला आणि काळ्या फितीनं डोक्याला बांधला. इतका सुंदर की बाई म्हणाल्या, खरा वाटतो.

पण लोकरीचा रंग कच्चा. दुपारचा कार्यक्रम, पत्र्याचा मंडप. नाच अर्ध्यावर आला तशी माझ्या मानेवरून काळी धार पांढऱ्या पोलक्यात उतरायला लागली. मला वाटलं घाम आहे. पुढच्या रांगेतली मुलं "शाई, शाई" ओरडायला लागली. मी नाचत राहिले. होडी वल्हवायची राहिली होती ना. ते पोलकं आईनं तीन वेळा भट्टीला दिलं, डाग राहिलाच.

अबोली, फोंडा

लांब वेणीची अट नसेल तर फुलांवर निभावून न्या. आमच्याकडे फुगडीला लहान चेडवांचे (मुलींचे) केस कितीही आखूड असले तरी अबोलीची फाती, म्हणजे गुंफलेली माळ, माळतात. अबोलीला वास नाही, वजनही नाही, आणि सकाळी माळलेली संध्याकाळपर्यंत कोमेजत नाही. मोगऱ्याचा ओला गजरा आखूड केसांना खाली ओढतो, फाती नाही ओढत. काळ्या हेअरबँडवर दोऱ्यानं शिवून घ्यायची आणि बँड कानामागे दोन आकड्यांनी पक्का करायचा. पाच मिनिटांचं काम.

उलटप्रश्नी, नागपूर

मला एक कळत नाही. सहा वर्षांच्या मुलीला कमरेपर्यंत वेणी कशाला? समोर बसलेल्या सगळ्यांना माहीत आहे की तिचे केस आखूड आहेत. आजी-आजोबाच तर असतात प्रेक्षकांत! पाच वर्षांच्या पोरींना खोपा, नथ, लाली लावून लावणीला उभं करतात तेही मला बघवत नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी बाईंना सरळ सांगितलं, दोन छोट्या शेंड्या आणि रिबिनी, पटत असेल तर बघा. बाई फुगल्या. पण मुलगी नाचली.

घुंगरूवाली, नाशिक

उलटप्रश्नी, तुमचं निम्मं पटलं. लावणीबद्दल तर पूर्ण. पण अभिनय चार प्रकारचा, आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेश, दागिने, केस हे सगळं आहार्यात येतं. ती सजावट नाही, नाचाचा भाग आहे. बाई उगाच हट्ट करत नाहीत.

गंमत म्हणजे तुमच्या दोन शेंड्यांनाही आधार आहे. नाट्यशास्त्रात कुठल्या प्रदेशाच्या स्त्रीचे केस कसे दाखवावेत ते सांगितलंय, अवंतीच्या स्त्रियांना कुरळ्या बटा आणि आभीर, म्हणजे गवळी, स्त्रियांना दोन वेण्या. तेव्हापासून माझ्या क्लासमध्ये ज्यांचे केस आखूड, त्या सगळ्या गवळणी. लहान गटाला मी कृष्णाचाच नाच बसवते. ही युक्ती पालकांना कधी सांगितली नव्हती, आज फुटली.

उलटप्रश्नी, नागपूर

आमच्या बाईंना हे पाठवू का? :)

स्नो आणि श्रीखंड, न्यू जर्सी

आमच्याकडे बॅले. नियमपत्रिका दोन पानी, त्यात अर्धं पान अंबाड्याचं: उंच, घट्ट, एकही केस सुटा नको. लेकीचे केस हनुवटीपर्यंत. औषधांच्या दुकानात केसांची जाळी घ्यायला गेले तर सोनेरी, फिकट तपकिरी, गडद तपकिरी. काळी संपलेली. शेवटी एडिसनला ओक ट्री रोडवर गेले, तिथल्या एका दुकानात देवाच्या वस्त्रांशेजारी मिळाली.

माझी युक्ती म्हणजे काळा मोजा. पंजाचं टोक कापायचं, मोजा गुंडाळून कडं करायचं, ते शेंडीत ओवायचं आणि आखूड केस त्यावर चारी बाजूंनी पसरून जाळी. केस पुरले नाहीत तरी मोजा काळाच, लांबून कोणाला कळतंय. सोनेरी केसांच्या मैत्रिणींच्या आयांना ही सोय नाही, त्या रंग जुळणारा मोजा शोधत हिंडतात. आयुष्यात एकदा तरी काळ्या केसांचा फायदा झाला.

डोलकाठी, उरण

सोलापूरकर ताई, वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. आमच्याकडे आजी अजून करते ती रीत सांगते. लोकर नाही, काळ्या सुती कापडाचा गोळा, आत चिंध्या. त्याला खालच्या अंगाला रुंद इलॅस्टिक, ते बाळाच्या डोक्यावरून मानेपाशी घ्यायचं. वरून फुलांची वेणी गोल गुंडाळली की कापड दिसतच नाही. कापड मात्र आधी दोनदा मिठाच्या पाण्यात धुऊन, पांढऱ्या रुमालावर घासून बघायचं. आजीचं पण कधीतरी पोलकं गेलं असणार.

मुलाची आई, बदलापूर

माझा मुलगा कथक शिकतो. भांग पाडला, झालं. माफ करा, राहवलं नाही.

शांत कोपरा, सातारा

लिहू की नको असं झालं होतं. माझ्या मुलीला सातव्या वर्षी चाई पडली. डोक्यावर रुपयाएवढे तीन-चार गुळगुळीत ठिपके, नंतर वाढत गेले. त्या वर्षी गॅदरिंगला दिंडीचा नाच होता, मुलींनी नऊवारी, अंबाडा, डोक्यावर तुळस. पिना लावायला केसच नव्हते, आणि औषध चालू असताना त्वचेवर काही चिकटवायचं नव्हतं.

मी बाईंना भेटायला गेले, रडायच्या बेतात. त्या म्हणाल्या, वारीत डोक्यावर पदर नसलेली बाई मला दाखवा. सगळ्याच मुलींच्या डोक्यावर पदर दिला. बत्तीस मुली. माझी कुठली ते मलाही पटकन ओळखू आली नाही. पदर जागेवर राहावा म्हणून आतून मऊ सुती टोपी घातली होती, लहान बाळांना घालतात तशी, आणि पदर त्या टोपीलाच टाचला होता. डोक्याला एकही पिन नाही.

पुढे केस आले. आता नववीत आहे आणि स्वतःहून बॉयकट ठेवते.

धागाकर्ती, ठाणे

सगळ्यांना उत्तर द्यायचं राहिलं, क्षमस्व. काल झाला कार्यक्रम.

शांत कोपरा, तुमचं वाचून त्या रात्री मी बाईंना फोन केला. वेणी हवीच, पण कमरेपर्यंत नको, खांद्याखाली चार बोटं चालेल का? लगेच हो म्हणाल्या. तीन आठवडे मी ज्याची धास्ती घेतली होती ते एका वाक्यात मिटलं. विचारायचं सुचलंच नव्हतं.

तर एका फुटाचं गंगावण. खालच्या केसांच्या चार बारीक वेण्या (लेक म्हणाली, "आई, मी जिलबी दिसते"), शेंडी फासातून उलटी दुमडून, वर नवऱ्यानं प्रुसिक गाठ. त्यानं व्हिडिओ बघून पायजम्याच्या नाडीवर तीन दिवस सराव केला होता. राकोडीभोवती अबोली मिळाली नाही, केशरी कापडी फुलं लावली. सूर्य-चंद्र मी पहिल्यांदा उलटेच लावले. नऊ शिरोभेद करून घेतले, नवव्याला तिला चक्कर आली म्हणून सरबत पाजलं.

रंगमंचावर काही पडलं नाही. म्हणजे आमचं नाही. शेजारच्या मुलीची खरीखुरी लांब वेणी तिच्याच बाजूबंदात अडकली आणि पुढचा अख्खा जतिस्वरम् (भरतनाट्यममधली एक रचना) तिनं एक हात वर ठेवून केला.

घरी येऊन आधी खोबरेल चोपडलं, मग एकेक आकडा काढला, टोकाकडून विंचरलं. अर्धा तास गेला. गंगावण काढू द्यायला तयार नव्हती, झोपल्यावर काढलं. आकडे लावताना मोजले होते, सत्तावीस. निघाले सव्वीस. उशी, गादी, गाडीची सीट, सगळं झाडून बघितलं.

सत्ताविसावा आज सकाळी नवऱ्याच्या टाचेला मिळाला.