प्रश्न: मोंगो (मोंगोडीबी) या डेटाबेससाठी लिहिलेला कोड तसाच ठेवून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जाता येईल का?

जाता येतं. फेरेटडीबी त्यासाठीच आहे: तुमच्या ड्रायव्हरला (कोड डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीला) समोर मोंगोच दिसतो, डेटा मात्र पोस्टग्रेसच्या टेबलांत पडतो. २०१८ साली मोंगोने परवाना बदलून एसएसपीएल हा जास्त अटींचा परवाना आणला, तेव्हापासून खुल्या पर्यायाची गरज होतीच.

फेरेटडीबीच्या पहिल्या आवृत्तीत सगळं जेसनबीवर, म्हणजे पोस्टग्रेसच्या जेसन साठवायच्या प्रकारावर, चालायचं. दुसरीपासून खाली डॉक्युमेंटडीबी हे पोस्टग्रेसला जोडायचं एक्स्टेन्शन लागतं. मायक्रोसॉफ्टने ते जानेवारी २०२५ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुलं केलं. (अॅमेझॉनची त्याच नावाची सेवा वेगळी, घोळ करू नका.) हे एक्स्टेन्शन बीसन (मोंगोच्या नोंदींचं बायनरी रूप) थेट टेबलात ठेवतं, प्रत्येक कलेक्शनला, म्हणजे नोंदींच्या गटाला, एक टेबल.

म्हापशात आम्ही होमस्टेंचं बुकिंग सांभाळतो. एका नोंदीत एसी, दुसरीत भाड्याची स्कूटर, तिसरीत फक्त 'शिवराक जेवण' (शाकाहारी). असल्या आडव्यातिडव्या नोंदींना मोंगोसारखं डॉक्युमेंटच बरं, प्रत्येकात रकाने वेगळे चालतात. आणि पावसात वीज गेली तरी खाली पोस्टग्रेस आहे, जतन झालेली नोंद हरवत नाही, म्हणून मी निर्धास्त झोपतो.

पण ॲग्रिगेशनच्या (नोंदी गाळून, गट करून बेरजा काढण्याच्या) सगळ्या क्वेरी आधी खऱ्या डेटाच्या प्रतीवर चालवून बघा. मोंगोचा प्रत्येक ऑपरेटर (क्वेरीतली आज्ञा) फेरेटडीबीत असेलच असं नाही. अडलेली क्वेरी इथे टाका, मिळून बघू.