डिमेन्शियाच्या पेशंटसाठी स्टाफला ट्रेनिंग कुठे मिळेल? (पुणे)

इन्चार्जसिस्टर_कोथरूड
नमस्कार, एका छोट्या नर्सिंग होममध्ये इन्चार्ज आहे. हल्ली फ्रॅक्चर नाहीतर न्यूमोनियासाठी ॲडमिट होणाऱ्या आजीआजोबांत डिमेन्शियावाले (स्मृतिभ्रंश झालेले) बरेच असतात. मागे एक आजोबा होते, खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले, संध्याकाळ झाली की सलाईन ओढून उठायचे, सेकंड शिफ्ट लागलीय म्हणायचे, शेवटी नाइटच्या मावशींनी त्यांचा हात बँडेजने कॉटच्या रेलिंगला बांधला. मावशी वाईट नाहीत हो, दुसरं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. कोर्स, पुस्तिका काहीही सुचवा.

जेरियाट्रिक_डॉक
सिस्टर, कोर्सच्या आधी एक सांगतो. दोनचार दिवसांत अचानक गोंधळ वाढला आणि दिवसभरात कधी बरं कधी वाईट असं चाललं असेल तर डिलिरियम (आजारपणात अचानक होणारा भ्रम) धरून चाला, डिमेन्शियाच वाढला म्हणून सोडू नका. लघवी तुंबलीय का, बद्धकोष्ठता, इन्फेक्शन, रक्तातलं सोडियम, सगळं बघा. झोप लागावी म्हणून एव्हिल हे ॲलर्जीचं औषध दिलं जातं त्याने म्हातारी माणसं आणखी भ्रमतात. क्वेटियापिनसारख्या अँटीसायकोटिक गोळ्यांनी डिमेन्शियात मृत्यूचा धोका वाढतो हा अमेरिकेच्या एफडीएचा इशारा 2005 चा आहे, तरी सर्रास चालू असतात.
फ्रॅक्चरवाल्यांसाठी दुखणं मोजायचं पेनॅड (PAINAD) स्केल शिकवाच. दुखतंय हे पेशंट सांगू शकत नाही, म्हणून श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होतो का, या पाचांना 0 ते 2 मार्क द्यायचे. तुमच्या आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) डब्ल्यूएचओच्या एमएचगॅप (mhGAP) या मानसिक आजारांवरच्या गाइडमधला डिमेन्शियाचा भाग वाचायला द्या, तो स्पेशालिस्ट नसलेल्यांसाठीच लिहिलाय.

ओटी_सिंहगडरोड
ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया युनिव्हर्सिटीचा अंडरस्टँडिंग डिमेन्शिया हा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, इंग्रजी जमणाऱ्या सिस्टर्सना तो लावा. नातेवाइकांसाठी डब्ल्यूएचओचं आयसपोर्ट (iSupport) हे ऑनलाइन ट्रेनिंग. पण मावशींना आणि ब्युरोकडून येणाऱ्या मामांना यातलं काहीच पोचत नाही, आणि रात्रभर पेशंटजवळ तेच असतात, म्हणून माझं ठाम मत आहे की त्यांना कॉटपाशीच मराठीत शिकवायचं, ड्यूटी बदलताना पंधरा-वीस मिनिटं, एका वेळी एकच गोष्ट. म्हणजे तुमच्या आजोबांचंच घ्या, "तुम्ही रिटायर झालात" म्हणून वाद घालायचा नाही, कुठल्या खात्यात होता, साहेब कोण होते, असं विचारायचं, आधी बाथरूमला न्यायचं, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली असेल तर पॅसेजमध्ये एक चक्कर, मग चहा. चष्मा आणि कानाचं मशीन पिशवीत नाही, अंगावर हवं. सलाईनची गरज खरंच आहे का हेही डॉक्टरांना रोज विचारा, नसेल तर काढायला लावा. बांधल्याने माणूस जास्त घाबरतो, जास्त झटापट करतो आणि इजाही होते.
ब्रिटनच्या अल्झायमर्स सोसायटीचा 'धिस इज मी' फॉर्म बघा. तसाच मराठीत एका पानाचा करून ॲडमिशनलाच सुनेकडून नाहीतर मुलाकडून भरून घ्या, घरात काय हाक मारतात, नोकरी काय होती, चहात साखर किती, कशाने चिडतात, आणि तो फाइलीत न ठेवता कॉटला अडकवा.

जेरियाट्रिक_डॉक
+1 फॉर्मला. आणि घरचे रडकुंडीला आलेले असतात, त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

इन्चार्जसिस्टर_कोथरूड
खूप आभार दोघांचे. नाइटच्या मावशींपासूनच सुरू करते. पेनॅडचं मराठी करून इथे टाकलं तर डॉक्टर तपासून द्याल का?