हिरोसाकी किल्ला (उत्तर जपान), साकुरा (चेरीचा बहर): तारखा कशा धरायच्या?

प्रश्न (पुणेकर_प्रवासी): एप्रिलअखेर तोक्योहून हिरोसाकीला जायचंय. सोबत सत्तरीचे आईबाबा, शुद्ध शाकाहारी. एक दिवस पुरेल का? लाल पुलामागे किल्ला दिसतो, तो फोटो कुठून मिळतो?

उत्तर (खंदककाठ): साकुरा महोत्सवाच्या तारखा बघून बुकिंग करू नका. त्या आधीच ठरलेल्या असतात, झाडं हवामानाचं ऐकतात. अलीकडे पूर्ण बहर बऱ्याचदा 20 एप्रिलच्या आसपास किंवा त्याआधीच येऊन जातो, त्यामुळे गोल्डन वीकमध्ये (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या) पोचणाऱ्यांना सोमेइ योशिनो, म्हणजे साकुराची इथली मुख्य जात, गळलेली दिसते. या जातीची सगळी झाडं कलमी, म्हणजे जनुकीयदृष्ट्या एकच; म्हणून एकदम फुलतात आणि एकदम झडतात. उशीर झालाच तर लोंबत्या शिदारेझाकुरा आणि दुहेरी पाकळ्यांच्या याएझाकुरा मागाहून फुलतात.

आणि झडणं म्हणजे तोटा नाही. बहरानंतर चार-पाच दिवसांनी बाहेरच्या खंदकात पाकळ्या साचून पाणी गुलाबी होतं, त्याला हनाइकादा म्हणतात, फुलांचा तराफा. वारा ज्या बाजूला ढकलेल तिथेच थर जाड होतो, म्हणून एकाच कोपऱ्यावर थांबू नका, काठाकाठाने चाला.

उत्तर (रेल्वेवेडा): तोक्यो ते शिन-आओमोरी हायाबुसा बुलेट ट्रेनने सव्वातीन तासांच्या आसपास, पुढे ओउ या साध्या रेल्वेमार्गाने हिरोसाकी अर्धा-पाऊण तास. हायाबुसात सगळ्या जागा आरक्षित असतात. विक्री प्रवासाच्या एक महिना आधी सकाळी 10 वाजता (जपानी वेळ, म्हणजे आपले 6:30) सुरू होते. एका दिवसात जाऊन येणं वयस्करांना जड जाईल. हिरोसाकीत खोली नाही मिळाली तर आओमोरीत राहा, पण ओउ मार्गाच्या गाड्या विरळ आहेत, परतीची वेळ आधी बघा. स्टेशनपासून किल्ल्याची बाग सुमारे 2 किलोमीटर, बस घ्या. लॉकर लवकर भरतात, मोठी बॅग हॉटेलवरच ठेवा.

उत्तर (खंदककाठ): फोटोबद्दल: 2015 मध्ये दगडी तटाच्या दुरुस्तीसाठी टेन्शू (किल्ल्याचा मुख्य बुरूज, 1810 चा, तीन मजली) अख्खाच्या अख्खा उचलून सुमारे 70 मीटर आत सरकवला. त्यामुळे गेजोबाशी या लाल पुलामागची जुनी चौकट गृहीत धरू नका, टेन्शू सध्या कुठे आहे ते निघण्याआधी बघा. त्याऐवजी होन्मारूतून (किल्ल्याचं सर्वांत आतलं आवार) इवाकी पर्वत (1,625 मीटर, एप्रिलमध्येही बर्फ) साकुराच्या फांदीखाली धरता येतो. तिथे वेगळं तिकीट लागतं. सकाळी 7 च्या आत पोचा, उजेड मवाळ आणि खंदकाचं पाणी स्थिर असतं. पश्चिम खंदकाचा साकुरा-बोगदा संध्याकाळी, दिवे लागल्यावर. रात्री पारा 5 अंशांपर्यंत उतरतो, आईबाबांना स्वेटर-टोपी हवीच.

उत्तर (पाकळी_पाहा): इथल्या फुलांचे घोस इतके भरगच्च का, हे झाडाजवळ उभं राहून बघा. जपानी म्हण आहे, साकुरा छाटणारा मूर्ख आणि उमे (जपानी आलुबुखार) न छाटणारा मूर्ख. हिरोसाकी सफरचंदांचं गाव. इथल्या माळ्यांनी सफरचंदाची छाटणी साकुरालाच लावली. जुनी फांदी काढली की नव्या फुटीवर कळ्या जास्त येतात. 1882 साली लावलेली झाडं अजून फुलतात, एरवी या जातीचं आयुष्य साठेक वर्षं मानतात.

जेवणाचं: टपऱ्यांवरच्या कोन्याकूला (कंदापासून केलेल्या जेलीसारख्या वड्या) शाकाहारी समजू नका, रश्शात माशाचा दाशी (अर्क) असू शकतो. आन्को (गोड लाल बीन) लावलेला दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) चालतो. सफरचंद पायमध्ये अंडं असतं का, ते विचारूनच घ्या. थेपले, पोहे-चिवडा सोबत असू द्या; कचऱ्यासाठी पिशवीही.