मदत हवी आहे : शान लोकांची संघराज्याची मागणी 'फुटीर' नाही हे कसं पटवू?

मंडळी नमस्कार, जरा लांबलंय पण वाचा प्लीज. आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात पुढच्या महिन्यात मला वीस मिनिटं बोलायचंय, विषय म्यानमारच्या पूर्वेकडच्या शान लोकांचा पक्ष, शान नॅशनॅलिटीज लीग फॉर डेमॉक्रसी. हा विषय का, तर बर्माच्या (आताच्या म्यानमारच्या) थिबा राजाला ठेवलं होतं त्या आमच्या थिबा पॅलेसमुळे. लहानपणापासून तिथे जातोय पण थिबा हे मुळात शान प्रांतातल्या एका गावाचं नाव आहे, तिकडचे लोक त्याला सीपाव म्हणतात, हे कळलं आणि मग वाचतच गेलो.

परवा तीन-चार ज्येष्ठ मंडळींसमोर ट्रायल घेतली. दहा मिनिटं झाली नसतील तर एक काका म्हणाले, "म्हणजे फुटीरच की हे, मग सरकारने आत टाकलं तर चुकलं काय?" काका माझ्या वडिलांच्या वयाचे, मनाने चांगले, पण मला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कारण गोष्ट नेमकी उलटी आहे हो. १२ फेब्रुवारी १९४७ ला शान प्रांतातल्या पांगलाँगला बर्माचे स्वातंत्र्यनेते आंग सान आणि शान, काचिन, चिन या डोंगरी लोकांच्या पुढाऱ्यांनी करार केला, आपापला अंतर्गत कारभार आपण बघू या बोलीवर ही माणसं स्वतःहून बर्मासोबत आली. पाच महिन्यांत आंग सानांचा खून झाला. राज्यघटनेत शान राज्याला दहा वर्षांनी बाहेर पडायचा हक्क लिहून दिलेला होता, तरी १९६२ मध्ये शान पुढारी रंगूनला बसून काय मागत होते तर खरं संघराज्य, आणि ती चर्चा चालू असतानाच २ मार्चला लष्करप्रमुख ने विनने सत्ता घेतली. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक स्वतः शान, त्यांना त्या रात्री घरातून उचललं, सतरा वर्षांचा मुलगा गोळीबारात गेला, ते स्वतः त्याच वर्षी कैदेत वारले. हा प्रसंग वाचताना माझा आवाज अजून कापतो.

माझ्या भाषणातला शान पक्ष १९८८ चा, निशाणी वाघाचं डोकं. १९९० च्या निवडणुकीत ४८५ पैकी २३ जागा, म्हणजे छोटाच, तरी आंग सानांची मुलगी सू ची यांच्या पक्षाच्या खालोखाल दुसरा, आणि लष्कराने तो निकाल मानलाच नाही. अध्यक्ष खुन टुन ऊ यांना २००५ मध्ये धरलं आणि ९३ वर्षांची शिक्षा ठोठावली, २०१२ ला सुटले. मार्च २०२३ मध्ये लष्कराच्या निवडणूक आयोगाने पक्षच बरखास्त केला, नव्या कायद्याखाली नोंदणी केली नाही म्हणून.

तर विचारायचंय हे की 'नॅशनॅलिटीज'ला मराठीत काय म्हणू? राष्ट्रवादी म्हटलं की आपल्याकडे आधी पक्ष डोळ्यासमोर येतो आणि राष्ट्र म्हटलं की वेगळा देश वाटतो. आणि काकांना दोन मिनिटांत पटेल असं काय सांगू?

प्रतिसाद :
दादा, राष्ट्र शब्दच टाळा, 'लोकसमाज' म्हणा, शान समाज, काचिन समाज असं. आणि काकांना संयुक्त महाराष्ट्राची आठवण करून द्या, त्यांच्या वयाच्या माणसाला सांगावं लागणार नाही. आपल्या भाषेचं राज्य मागितलं म्हणून आपण देश सोडत नव्हतो ना? दुसरं, मुख्यमंत्र्याचं उदाहरण घ्या. आपल्याकडे आमदारांचं बहुमत ज्याच्या मागे तो मुख्यमंत्री. तिकडे २००८ च्या घटनेत राज्याचा मुख्यमंत्री राष्ट्राध्यक्ष निवडतो, वर राज्याच्या विधानसभेतही लष्कराचे नेमलेले लोक बसतात. शान लोकांनी कुणालाही मत दिलं तरी माणूस राजधानी नेपिडोहून ठरणार. एवढं ऐकल्यावर संघराज्य कशाला हवं हे वेगळं समजवावं लागत नाही. सनावळी मात्र कमी करा, आजोबा मंडळी दमतात.

धागाकर्ता :
मनापासून आभार, लोकसमाज एकदम बसतोय. मुख्यमंत्र्याचा मुद्दा माझ्या नोट्समध्ये शेवटच्या पानावर होता, आता सुरुवातच तिथून करतो आणि पांगलाँग नंतर. सनावळीतल्या ४७, ६२ आणि ९० एवढ्याच ठेवतो. साओ श्वे थाइकांच्या मुलाचा प्रसंग मात्र काढणार नाही. उद्या संध्याकाळी काकांकडेच जाऊन पुन्हा वाचून दाखवतो, काय म्हणतात ते इथे लिहीन. शान नावांचे उच्चार नीट माहीत असलेलं कुणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सीपाव आणि साओ श्वे थाइक तरी चुकायला नकोत.